पेव, कॅसेट आणि दोन डिस्कचा डबा

खामगावच्या आमच्या घरात, मधल्या खोलीतल्या फडताळात एक काळा डबा आहे. पडदा नाही, बटणं जवळपास नाहीत, पुढे चार हिरवे दिवे आणि आत फिरणाऱ्या दोन डिस्क. शेजारच्या काकू विचारतात, "काहून रे बाप्पा, हे नवं इन्व्हर्टर हाय का?" मी हो म्हणून मोकळा होतो. खरं सांगायचं तर १९९४ पासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षीच्या दिवाळीत काकाने आजीला जात्यावर बसवून तिच्या ओव्या टू-इन-वनवर टेप केल्या. आजी रोज पहाटे दळायची वगैरे मी लिहिणार नाही, गावात पिठाची गिरणी येऊन तेव्हाच जमाना झाला होता. जातं मुद्दाम मांडलं होतं. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरल्या. तिच्या आवाजाची आमच्याकडे असलेली तेवढीच खूण.

तुमच्यापैकी अनेकांनी कॅसेट हातात धरली नसेल, म्हणून सांगतो. तिच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असत. ते मोडले की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट बाजारात आणली. या तुकड्यांमागचा विचार इतकाच, की माणसाच्या हाताचा भरवसा नसतो. काकाने ते मोडले नव्हते. १९९६ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, मी बी बाजूवर रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. आजही ती बाजू लावली की आजीची एक ओवी अर्ध्यावर तुटते, खट्ट आवाज होतो आणि मागून ऑर्केस्ट्रा येतो.

घरी कुणी रागावलं नाही, कारण कुणाला ती मोठी गोष्ट वाटलीच नाही. आजीसुद्धा जिवंत होती, हवं तेव्हा म्हणेल की!

हे फक्त आमच्या घरातलं नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, चार रिळांचा. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं उरलंय, आणि तेही १९१७ च्या नव्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक म्हणतात. सिनेमे जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. जुन्या फिल्मा नायट्रेटच्या, ठिणगीची वाट पाहणाऱ्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मांच्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं जळाली. काहींची दुसरी प्रत होती, काहींची नव्हती. माझ्या डोक्यात त्यातलं एवढंच राहिलं: दुसरी प्रत.

जात्यावरच्या ओव्यांचं नशीब थोडं बरं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून त्या गोळा केल्या: हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या फ्रेंच अभ्यासकाने त्यांचा संगणकीय संग्रह बांधला, आवाजही ध्वनिमुद्रित झाले. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक ओव्या बाईच्या नावागावासकट ऐकता येतात. मला त्यात सगळ्यात मोठं काम वाटतं ते नावागावाचं. कोण गातंय, कुठली, कुणाची लेक. माझ्या कॅसेटच्या पाठीवर काकाने फक्त 'आई' लिहिलं होतं.

२०१४ मध्ये मी ए बाजू आणि उरलेली बी बाजू लॅपटॉपवर उतरवून घेतली. सोबत बहिणीच्या लग्नाची सीडी, वडिलांचे रिळाच्या कॅमेऱ्यातले स्कॅन केलेले फोटो, मोबाइलमधले व्हिडिओ, सगळं एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर टाकलं आणि निवांत झालो. आठ वर्षांनी ती डिस्क टक्-टक्-टक् करायला लागली. दुरुस्तीवाल्याने सांगितलेली रक्कम ऐकून मी ती कपाटात ठेवली. आजीला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. नशिबाने कॅसेट सापडली, बुरशी धरलेली, पण चालली. त्या आठवड्यात मी डब्याच्या मागे लागलो.

या डब्याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात, नॅस. त्याची वंशावळ मजेची आहे. पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएमची, १९५६ ची. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, मावायची फक्त पन्नास लाख अक्षरं. तुमच्या फोनमधला एक चांगला फोटोही तिच्यात कसाबसा बसला असता. पुढची तीस वर्षं विचार एकच: डिस्क मोठी आणि महाग करा म्हणजे ती टिकेल. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी उलटं मांडलं. स्वस्त, छोट्या, बिघडणाऱ्या डिस्क घ्या. त्या मरणार हे धरूनच चाला. आणि एक मेली तरी बाकीच्यांवरून तिचं सगळं परत काढता येईल अशी मांडणी करा. हेच रेड. यातला सोपा हिशोब आठवडी बाजारात कुणीही करतो: तीन खर्चांपैकी दोन आठवतात आणि बेरीज माहीत आहे, तर तिसरा निघतो. माझ्या डब्यात तेवढंही नाही, दोन डिस्क आणि दोन्हींवर तेच.

दुसरा धागा ऑस्ट्रेलियातला. विंडोजच्या संगणकांना दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपलीच वाटावी यासाठी एसएमबी नावाची भाषा होती. कॅनबेराच्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९० च्या सुरुवातीला ती बाहेरून ऐकून-ऐकून उकलली आणि तिचा फुकट अवतार लिहिला. नाव हवं होतं म्हणून शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले, त्यात 'साम्बा' सापडला. आज बहुतेक घरगुती डब्यांच्या पोटात तो साम्बाच नाचतो.

निवडताना मी दोन गोष्टींवर अडलो. पहिली कौलांची. हल्लीच्या काही डिस्क डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून लिहितात. जागा जास्त मावते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचकटावी लागतात. ज्याने पावसाळ्याआधी घर शाकारलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. एक डिस्क बदलून नवीवर सगळं पुन्हा लिहिताना अशा डिस्क रखडतात. २०२० मध्ये उघड झालं की नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कही गुपचूप कौलारूच होत्या. मी दुकानदाराकडे मॉडेल नंबर मागितला, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, चार टीबी म्हंजे चार टीबी." शेवटी नंबर मीच ताडून, कौलारू नसलेल्या दोन घेतल्या, मुद्दाम वेगवेगळ्या दुकानांतून, म्हणजे एकाच घाण्यातल्या निघू नयेत.

दुसरी अडचण इथल्या हवेची आणि विजेची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. परदेशी सल्ल्यांमध्ये 'हवेशीर कोपरा' असतो. आमच्याकडे हवेशीर म्हणजे झळ. म्हणून जाड भिंतीची मधली खोली. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, सगळी मांडणीही बिघडू शकते. तेव्हा छोटा यूपीएस, डब्याला केबलने जोडलेला: वीज गेली की तो डब्याला सांगतो आणि डबा स्वतःच आवरून झोपतो. राउटरला वायर लावली, टीव्हीवर आणि फोनवर जेलीफिन बसवलं. बाहेरून, इंटरनेटवरून डब्यात शिरायची वाट मात्र बंद ठेवली. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने उघडे राहिलेले असे हजारो घरगुती डबे कुलूपबंद केले होते.

आणि कॅसेटवाला तो मोडायचा तुकडा? त्याला आता स्नॅपशॉट म्हणतात. डबा रोज रात्री त्या दिवशीची स्थिती गोठवून ठेवतो. कुणी दहा वर्षांचं पोर फाइल पुसून गाणी भरेल, तर कालची परत काढता येते. दोन डिस्क असल्या तरी हे लागतंच, कारण पुसलेलं दोन्हीकडून एकदमच पुसलं जातं. हे मला कुणी समजवायची गरज नव्हती.

तरी घराला आग लागली तर? आमच्या गावच्या वाड्यात पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं, ज्वारीचं. लहानपणी मला वाटायचं, सगळी ज्वारी तिथेच. वडिलांनी सांगितलं, बियाणं कधीच पेवात नसायचं. ते राख लावून मडक्यात, आणि थोडं आत्याकडे चिखलीला. पेवात पाणी शिरलं तर पोटाचे हाल होतील, पण पेरणी चुकायची नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर असा नियम लोकप्रिय केला, तो मी वाचला होता. चिखलीचं मात्र डोक्यात आलं नव्हतं.

मग गेल्या हिवाळ्यात तिसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेऊन चिखलीला गेलो. आत्या आता सत्तरीपुढची. डिस्क तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. ठेवण्याआधी फोनवर तिला आजी ऐकवली. ए बाजू पूर्ण झाली. बी बाजू सुरू झाली, आत्या डोळे मिटून बसली होती. ती तुटणारी ओवी आली, मी पटकन बंद करायला हात पुढे केला, पण खट्ट झालंच आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाला. मी म्हटलं, "आत्या, हे मी केलं होतं."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "बंद कर ते."

बंद केलं. आणि जिथे आजी तुटली होती तिथून तिने ओवी उचलली, त्याच चालीत, थोडी खालच्या पट्टीत. मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करेपर्यंत पहिली ओळ गेली होती. तिला परत म्हणायला लावली. त्यानंतर तिला आणखी आठवत गेल्या, काही मी कॅसेटवर कधीच ऐकल्या नव्हत्या. मधे सून चहा घेऊन आली, तिचाही आवाज त्यात आहे.

रात्री खामगावला परतून फाइल डब्यात टाकली. एकेचाळीस मिनिटं. नाव लिहिताना आधी नुसतं 'आत्या' टाइप केलं, मग ते खोडून तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि तारीख लिहिली. तेवढ्यात वीज गेली. यूपीएस टूं-टूं करू लागला, आणि फाइल पूर्ण जाईपर्यंत मी फडताळासमोर अंधारात बसून राहिलो.