न वाळणाऱ्या मातीची कुळकथा

चौथीच्या मुलांना मातीचा सिनेमा शिकवायला पहिल्यांदा गेलो, तेव्हा शाडू नेला होता. मुलांनी पोळ्याचा बैल केला. त्याचा पाय नखभर पुढे सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. सेकंदाला १२ फोटो. चाळिसाव्या फोटोच्या आसपास दिव्याच्या उष्णतेने माती सुकली, खुब्याशी तडा गेला आणि पाय टेबलावर गळून पडला. पुढच्या वेळी दुकानातला रंगीत क्ले नेला. दोन तासांनंतरही तो मऊच. हा वाळत कसा नाही, याचा शोध घेत गेलो तो थेट एका मास्तरांच्या दारात पोहोचलो.

विल्यम हारबट हे इंग्लंडमधल्या बाथ शहरातले कलाशिक्षक. त्यांनाही शिल्पाच्या वर्गासाठी न सुकणारी माती हवी होती. १८९७ च्या सुमारास त्यांनी खडूसारखी चुनखडीची पूड, पेट्रोलियम जेली आणि स्टिअरिक आम्ल एकत्र मळले. त्यात पाणीच नाही, मग वाळणार काय? या मातीला नाव मिळाले प्लॅस्टिसीन. १९०० साली जवळच्या बाथॅम्प्टनला तिचा कारखाना निघाला.

इथे जर्मन मंडळी हरकत घेतात. म्युनिकच्या फ्रान्झ कोल्ब या औषधविक्रेत्याने १८८० मध्येच अशी माती केली होती, आणि तिचे नाव प्लॅस्टिलिन. नावे इतकी सारखी, म्हणजे हारबटनी उचलेगिरी केली का? मला तसे वाटत नाही. दोन्ही नावांच्या मुळाशी आकार देणे या अर्थाचा एकच ग्रीक धातू आहे. आपण आज प्लॅस्टिक म्हणतो ती बादलीची वस्तू तेव्हा घरोघरी आलेली नव्हती. प्लॅस्टिक म्हणजे घडवता येण्याजोगे, एवढाच अर्थ. प्लॅस्टिक सर्जरीत तो अजून टिकून आहे. अशी माती करणारा कुणीही नावासाठी त्याच शब्दाकडे गेला असता. वयाने कोल्बची माती थोरली, हे कबूल. पण तिचे गिऱ्हाईक शिल्पकार होते. ती पोराटोरांच्या मुठीत आली ती हारबटांमुळे, आणि मी कुळ तिथूनच मोजतो.

पुढचा पडद्यावरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे: अमेरिकेत गम्बी हे मातीचे पात्र, मग मातीचे सिनेमे करणारा विल व्हिंटन, मग वॉलेस आणि ग्रोमिट ही मातीची जोडी. त्यातला मॉर्फ मात्र मला फार जवळचा. १९७७ साली तो मातीचा माणूस बीबीसीवर आला तो मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या ‘टेक हार्ट’ या कार्यक्रमातून. वर्गातली माती पुन्हा वर्गातच!

सिनेमाच्या युक्तीची दुसरी शाखा मात्र आपल्या घरची आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ एकेक चौकट टिपत पडद्यावर आणली. ती फिल्म दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले. नंतर ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी चक्क काड्या चालवल्या. मुलांना मी हा वाटाणा आधी सांगतो, क्ले नंतर हातात देतो. रोप स्वतः वाढते, बैलाला मात्र आपण वाढवायचे, म्हणजे काम कुठे आहे ते त्यांना लगेच कळते.

क्लेचा बैल मुलांनी परवा पुरता केला. १२० फोटो, १० सेकंद. तो चार पावले चालतो आणि शेवटी मान वळवून शेपटीकडे बघतो. ती मान वळवायची कल्पना वर्गातल्या एका मुलीची, आणि त्यासाठी तिने एकटीने १८ फोटो काढले.