जुळतं का?

वाङ्मयाच्या इतिहासात लेखक असतात, प्रकाशक असतात, टीकाकार असतात. वाचकाच्या वाट्याला येतं ते 'वाचकांनी उचलून धरलं' किंवा 'वाचकांनी पाठ फिरवली' एवढं अर्धं वाक्य. त्या वाचकाला पुस्तकाबद्दल नेमकं काय वाटलं, त्याने ते कशाशी ताडून पाहिलं, कुठे मान डोलावली आणि कुठे 'असं कुठं असतं का?' म्हणून पुस्तक मिटलं, याची नोंद क्वचितच राहते. तरी गेल्या दीडपावणेदोनशे वर्षांत मराठीत पुस्तकांवर जी मतं व्यक्त झाली त्यांत दोन वेगळ्या मोजपट्ट्या ओळखू येतात. एक विचारते, 'हे शुद्ध आहे का, रीतसर आहे का?' दुसरी विचारते, 'हे मला ठाऊक असलेल्या जगण्याशी जुळतं का?' पहिलीला समीक्षा म्हणायची सवय आपल्याला लागली. दुसरीला आपण नुसतं 'मत' म्हणतो. इथे बोलायचं आहे ते या दुसरीबद्दल.

पहिल्या पट्टीच्या हातात सुरुवातीपासून अधिकार होता. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी हळूहळू आवरती घेतली आणि तिच्यातला काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला. हस्तलिखित दक्षिणा प्राइझ कमिटीकडे जायचं, सभासद ते वाचायचे आणि ठरवायचे. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीकडे दिलं. अडाणी कुणब्याला आणि त्याच्या बायकोला भिक्षुक कसा नाडतो, याचं ते नाटक. कमिटीने ते घेतलं नाही. कमिटीतल्या भटांच्या आग्रहापुढे काही चाललं नाही, असं फुल्यांनीच पुढे 'गुलामगिरी'त नोंदवलं आहे. ते नाटक छापून लोकांसमोर आलं १९७९ साली. चारदोन वाचकांचं मत एका पुस्तकाला सव्वाशे वर्षं बाकीच्या वाचकांपासून दूर ठेवू शकलं, कारण ते मत देणारे खुर्चीवर होते.

१८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद करणं आवश्यक झालं. त्यातून दर तिमाहीला पुस्तकांच्या याद्या निघू लागल्या. पंचांग, लावण्या, वैद्यकाचं पुस्तक, शाळेचं गणित, कादंबरी, सगळी एकापाठोपाठ एक. आज त्या याद्या चाळायला मजेच्या वाटतात, कारण एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली पुस्तकं तिथे शेजारी बसलेली असतात. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला तो अशाच नोंदींच्या आधारे. पण या याद्यांमागचा वाचक सरकारी होता. पुस्तक कशाबद्दल आहे आणि त्यात आक्षेपार्ह काही नाही ना, इथवरच त्याचं काम.

मग आली 'निबंधमाला'. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मराठी ग्रंथपरीक्षणाला धार दिली, यात वाद नाही. त्यांनी फुल्यांच्या पुस्तकांवरही लिहिलं. फुले काय म्हणताहेत याच्या जोडीला, किंबहुना त्याहून अधिक, ते कोणत्या मराठीत म्हणताहेत यावर शास्त्रीबुवांचा रोख होता. व्याकरण, विभक्ती, शब्दांची रूपं यांवरून केलेली ती थट्टा तेव्हाच्या शिकलेल्या वाचकाला आवडलीही असेल. शुद्धतेची पट्टी लावली की मजकुराला उत्तर देण्याची गरज उरत नाही, हा तिचा मोठा फायदा.

चिपळूणकर वारले १८८२ साली. त्याच वर्षी बुलढाण्याच्या एका बाईचं एक छोटंसं पुस्तक पुण्यात छापून निघालं. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना'. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. पुस्तकाला निमित्त झालं ते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचं. मूल मारल्याबद्दल तिला आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नीतीबद्दल लिहायला घेतलं आणि ताराबाईंनी त्याला उत्तर दिलं.

स्त्रीवादी लेखनातला पहिल्या काही पुस्तकांपैकी एक म्हणून 'स्त्रीपुरुषतुलना'चं नाव आता सगळीकडे घेतलं जातं. मला ते आणखी एका कारणाने महत्त्वाचं वाटतं. ते एका वाचणाऱ्या बाईने आपल्या वाचनाचा दिलेला हिशेबही आहे. 'स्त्रीचरित्र', 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक, अशी त्या काळात हातोहात फिरणारी पुस्तकं तिने वाचलेली आहेत. यात कपटी बायकांच्या गोष्टींचा संग्रह आहे, अद्भुतरम्य कादंबऱ्या आहेत आणि समाजचित्र म्हणून लिहिलेलं नाटकही आहे. प्रकार वेगळे, लेखक वेगळे. परीक्षणकर्त्याने त्यांना एका लेखात बसवलंच नसतं. ताराबाईंनी बसवलं, कारण त्यांच्याकडे प्रश्न एकच होता. या पुस्तकांतल्या बायका तुम्ही पाहिल्यात कुठे? घरात दिवसभर राबणारी, चार भिंतींबाहेर पाऊल न पडलेली बाई एवढी कारस्थानं करणार कधी आणि कुणाच्या जोरावर? आणि जे दुर्गुण तिच्या माथी मारले आहेत, ते पुरुषांत नाहीत का?

ही समीक्षेची पद्धतच आहे. पुस्तकातली बाई आणि ओसरीवरची बाई शेजारी उभी करायची आणि तुलना करायची. त्यासाठी संस्कृत काव्यशास्त्र यावं लागत नाही. बाई असणं आणि डोळे उघडे ठेवून जगणं एवढं भांडवल पुरतं. ताराबाईंची भाषा बोलण्याची आहे. वाक्यं धापा टाकत जातात, मध्येच टोमणा येतो. निबंधमालेच्या पट्टीने मोजलं असतं तर पहिल्या पानावरच लाल शाई सांडली असती.

पुस्तकावर टीका झाली आणि फुल्यांनी 'सत्सार'च्या १८८५ च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्याच वर्षी ग्रंथकार सभेचं निमंत्रण रानड्यांकडून आलं तेव्हा त्यांनी जे पत्र पाठवलं, ते एका वाचकाचं पत्र म्हणूनही वाचता येतं. तुमच्या सभांशी आणि तुमच्या पुस्तकांशी आमच्या सभा आणि आमची पुस्तकं मेळ खात नाहीत, हे त्याचं सार. इथेही शब्द मेळ बसण्याचाच आहे. ताराबाईंनी पुढे दुसरं पुस्तक लिहिलं नाही. स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा प्रसिद्ध केलं ते १९७५ साली. मधली ९३ वर्षं एका वाचकाचं मत कपाटात पडून होतं.

वाचकाची गणती व्हायला नंतर सुरुवात झाली. १९६४ साली मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी 'ललित' सुरू केलं. 'चोखंदळ वाचकांची निवड' हे त्याचं सदर पुष्कळांना आठवत असेल. वाचकांनी आपल्या पसंतीची पुस्तकं कळवायची आणि त्यातून यादी तयार व्हायची. तिथे पुन्हा तीच मौज. कवितासंग्रहाला लागून आत्मचरित्र, त्याला लागून प्रवासवर्णन. पहिल्यांदाच पदवी-पदाशिवायचा वाचक मत देत होता आणि ते छापून येत होतं. मात्र यादीत नाव येतं, कारण येत नाही. अमुक पुस्तक आवडलं हे कळतं. ते कशाशी जुळलं, हे कळत नाही. शिवाय मत कळवणारा वाचक म्हणजे मासिकाचा वर्गणीदार. तालुक्याच्या वाचनालयात उभ्याने अंक चाळणारा त्यात कितपत आला, हा प्रश्न राहतोच.

बुलढाणा विदर्भाच्या पश्चिम टोकाला, तर ब्रह्मपुरी पूर्वेच्या. ताराबाई लिहीत होत्या तेव्हा बुलढाणा वऱ्हाडात होतं आणि ब्रह्मपुरी मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात. दोन्हीकडची माती वेगळी, पीक वेगळं, बोलीही वेगळी. तरी ताराबाईंचा प्रश्न वैनगंगेच्या काठी आणून ठेवला तर तो आजही चालतो, कारण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखावर मराठीत पुस्तकं पुष्कळ आहेत आणि ती एकमेकांशी कसलंही नातं नसलेली आहेत. बाबा आमट्यांचं 'ज्वाला आणि फुले', विलास मनोहरांची 'नेगल' आणि 'एका नक्षलवाद्याचा जन्म', प्रकाश आमट्यांचं 'प्रकाशवाटा', मारुती चितमपल्लींची रानावरची पुस्तकं, डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. यांतलं शेवटचं तर मुलखावर नाहीच, हृदयावर आहे. ते फक्त इथे राहणाऱ्या माणसाने लिहिलं आहे. महाराष्ट्रभर ही पुस्तकं वाचली गेली, त्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. इथल्या वाचकाने ती कशी वाचावीत?

माझं मत सांगतो. 'एका नक्षलवाद्याचा जन्म' मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण जुरू हा माडिया तरुण तिथे कुणाच्या कार्याचा पुरावा म्हणून येत नाही. वनखातं, पोलीस, ठेकेदार आणि दलम यांच्यामध्ये तो भरडला जातो आणि लेखक त्याला सोडवायला धावत नाही. 'प्रकाशवाटा' वाचताना कामाच्या डोंगरापुढे मान लवते. पण कार्याच्या पुस्तकात ज्यांच्यासाठी कार्य केलं ती माणसं पार्श्वभूमीला जातात, हे त्या वाङ्मयप्रकाराचंच दुखणं आहे. शिवाय माडियाला मराठी ही शाळेत भेटलेली भाषा. 'जुळतं का?' हे त्याने विचारायचं तर आधी परक्या भाषेत विचारावं लागतं. म्हणून या पुस्तकांबद्दल भामरागडचा वाचक काय म्हणेल, ते ब्रह्मपुरीच्या माणसाने परस्पर सांगू नये.

ब्रह्मपुरीकराचं स्वतःचं गाऱ्हाणं निराळं आहे. बाहेरच्यांना चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे एक सलग जंगल वाटतं. पुस्तकं वरोऱ्याच्या आनंदवनातून निघतात आणि थेट हेमलकशाला पोचतात. मधला धानाचा मुलूख ओलांडून जातात. बांध्या, मामा तलाव, पावसात कमरेत वाकून चाललेला रोवणा, नागभीड-वडसा मार्गावरची गाडी, कॉलेजसाठी खेड्यातून आलेली पोरं, यांची कादंबरी शोधावी लागते. आपण राहतो तो प्रदेश पुस्तकांतून सारखा दिसतो आणि आपण त्यात नसतो, ही अवस्था विचित्र आहे.

चितमपल्लींच्या बाबतीत हे जास्त जाणवतं, कारण ते आमच्या अधिक जवळचे. नवेगावबांधच्या तळ्याकाठी त्यांनी नोकरी केली. 'काकागार', 'सारंगागार' असे देखणे शब्द मराठीला दिले. झाडावेलींची माहिती रानातल्या माणसांकडून मिळवली आणि त्यांना तिचं श्रेयही दिलं. त्यांचं रान खरं आहे. पण ते पुस्तक हातात घेणारा पुण्याचा वाचक वाघाच्या पानावर थबकतो तो विस्मयाने. ब्रह्मपुरी वनविभागात तेच पान वेगळ्या रीतीने वाचलं जातं. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे मोहफुलं वेचायला वाकलेली बाई, मे महिन्यात तेंदूपत्त्याला गेलेली माणसं, धानाच्या राखणीला रात्री बांधीवर झोपणारा शेतकरी, यांतलं कुणी परत येत नाही, अशा बातम्या इथे दरसाल असतात. रान सुंदर आहे हे त्यालाही ठाऊक आहे. त्याला ते सांगणारं पुस्तक खोटं वाटत नाही, अपुरं वाटतं. हा अपुरेपणा दाखवू शकेल असा वाचक पुण्यात बसून तयार होत नाही. इथलं मत छापून यायला हवं ते यासाठी.

या पट्टीला मर्यादा आहेत. सगळंच आपल्या अंगणाशी ताडू लागलो तर वाचायचं कशाला? ब्रह्मपुरीहून समुद्र शेकडो कोस दूर, तरी श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' इथे कळतो. माड-पोफळी पाहिलेल्या नसताना बापूचा माज आणि गावाची जीभ ओळखीची वाटते. म्हणजे जुळणं हे मुलखाचं नसतं. पुस्तकातल्या माणसाला वजन आहे का, त्याच्या भुकेला आणि भीतीला कारण आहे का, हे वाचक हातात तोलून पाहतो. ताराबाईंनी तेच केलं होतं. 'मुक्तामाले'तली अद्भुतता त्यांच्या रागाचं खरं कारण नव्हती. त्या अद्भुतात बाईला वजनच दिलेलं नव्हतं.

झाडीपट्टीत असं तोलणं चालू आहे, फक्त ते पुस्तकांबाबत नाही. धान घरात आलं की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव नाटकं लागतात. वडशाच्या कंपन्या रात्री पडदा उघडतात तो पहाटेपर्यंत. पाव्हणेरावळे मुद्दाम बोलावलेले असतात. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर नाटक उलगडून पाहिलं जातं. सासू कशी होती, कोर्टातलं भांडण पटलं का, शेवटी उगाच रडवलं का. पुढल्या वर्षी त्याच कंपनीला सुपारी द्यायची की नाही, हे त्यातूनच ठरतं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा महाराष्ट्राने या रंगभूमीकडे वळून पाहिलं. इथल्या प्रेक्षकाने आपलं मत त्याच्या कितीतरी आधी दिलं होतं, पैसे मोजून आणि रात्र जागून.

पुस्तकाला अशी टपरी नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदान आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, तपासणीला दाखवायच्या नोंदवह्या आहेत. कोणतं पुस्तक कुणी कधी नेलं हे त्यांवरून कळतं. परत आणून देताना तो काय म्हणाला, याला कुठल्याच वहीत रकाना नाही. उलट पुस्तकात काही लिहू नये, अशी सूचना भिंतीवर असते. ती योग्यच आहे. मात्र पुस्तकाच्या शेवटी दोन कोरी पानं डकवून द्यायला कायदा आड येत नाही. पहिला वाचक 'बकवास' एवढंच लिहील, दुसरा लेखकाचं कौतुक करील. तिसरी कुणी तरी, बहुधा बारावीतली मुलगी, लिहून जाईल की यातला रोवणा चुकलाय, पऱ्हे असे लावत नाहीत.