पांढरीखालची माणसे

गावठाणाच्या जागेला पांढरी म्हणायचे आणि शेतजमिनीला काळी, ही विभागणी मराठी मुलखात फार जुनी आहे. पांढरी पांढुरकी होते ती माणसांमुळे. चुलींची राख, पावसात बसलेल्या मातीच्या भिंती, शेणसडा, धान्याच्या पेवांतला कचरा आणि फुटक्या मडक्यांची खापरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत गेली की टेकाड तयार होते. गाव उठून गेले तरी टेकाड राहते. ही माती कसदार, म्हणून गाड्या भरभरून ती शेतात टाकण्याची चाल दख्खनभर होती. आता बैलगाडीच्या जागी जेसीबी आणि डंपर आले आहेत आणि शेताबरोबर रस्त्याच्या भरावालाही माती लागते. त्या मातीत खापरे असतात तशी माणसेही असतात. सावदा, रावेर, यावल हा तापी आणि सातपुडा यांच्यामधला केळीचा पट्टा, त्याच्या खाली तापी-गिरणेची खोरी आणि पश्चिमेला धुळे-नंदुरबारची पठारे, हा सगळा प्रदेश किमान चार हजार वर्षे शेती करणाऱ्या लोकांनी वसवलेला आहे. इथे कुठेही खोल खणले तर हाडे लागण्याची शक्यता गृहीतच धरायला हवी. ती लागल्यावर काय करायचे, हे मात्र अजून कोणीही ठरवलेले नाही. पुरलेल्या माणसांवरून जे वाद पेटतात त्यांचे मूळ मला हाडे उकरण्यात दिसत नाही. ती कोणाच्या जबाबदारीची, हे पहिली कुदळ पडण्याआधी ठरलेले नसते, त्यात ते दिसते.

खानदेशाचा पुरावा आधी पाहू. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ आहे. तिथे १९५२-५३ आणि १९५६-५७ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले. नदीच्या पलीकडच्या काठावर टेकवाडे येथे बहाळच्या ताम्रपाषाण वस्तीच्याच काळातील दफने मिळाली, खड्ड्यातली आणि मडक्यांतलीही. म्हणजे वस्ती एका तीरावर आणि मृतांची जागा दुसऱ्या तीरावर. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी १९५५ च्या सुमारास खणले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून ऐतिहासिक काळापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. शहादे तालुक्यातील सावळदा या तापीकाठच्या गावावरून तर एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळाले. सावदा आणि सावळदा या दोन नावांत बाहेरच्यांची गल्लत होते, पण दोन्ही गावे एकाच खोऱ्यातली. त्या सावळदा संस्कृतीची इ.स.पू. २००० च्या आसपासची वस्ती साक्री तालुक्यातील कावठे येथे डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी उकलली. तिथेही दफने होती. ही सगळी ठिकाणे कुणी मुद्दाम शोधायला गेले म्हणून कळली. न शोधलेली किती टेकाडे भरावाखाली गेली, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

दफन नीट उकलले म्हणजे काय हाती लागते, हे पाहायला शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावला जावे लागते. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे खणले आणि दोनशेहून अधिक दफने नोंदवली. लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली आडवे पुरलेले होते. मोठी माणसे खड्ड्यात उताणी, डोके उत्तरेकडे आणि पावले घोट्याखाली तोडलेली. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करत असावेत, असा एक तर्क आहे. या रिवाजाला एक ठळक अपवाद सापडला. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, फुगीर पोटाचा मोठा रांजण होता आणि त्यात चाळिशीचा एक पुरुष बसवलेला होता. त्याची पावले शाबूत होती. घर मोठे, धान्याचे कोठार जवळ, पुरण्याची तऱ्हा वेगळी. यावरून तो गावाचा प्रमुख असावा असे अनुमान निघाले. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी इथल्या दातांचा आणि हाडांचा बारकाईने अभ्यास केला. पुढच्या संशोधकांनी मुलांच्या हाडांची वाढ मोजली आणि इ.स.पू. १००० नंतरच्या काळात पोरांची वाढ खुंटत गेल्याचे दाखवले. गाव ओस पडण्याआधीची पोटाची ओढाताण खापरांनी सांगितली नसती, ती मुलांच्या मांडीच्या हाडांनी सांगितली. यातली एकही गोष्ट गोणीत भरलेल्या हाडांवरून कळली नसती. रांजण घराच्या कोणत्या कोपऱ्यात होता, पाऊल तुटले ते मरणानंतर की जेसीबीच्या दाताने, डोके कुठल्या दिशेला होते, हे सगळे हाड जागेवर असतानाच वाचता येते. एकदा हलवले की ते पुसले जाते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मनापासून येतो म्हणून टाळता येत नाही. मेलेल्याला उठवू नये. त्याला कुणीतरी रडून, विधी करून ठेवले आहे. आपण कोण त्याची मांडी मोडणारे? ही भावना केवळ एका धर्माची नाही. हिंदू घरांत दहनाची रीत असली तरी तान्हे मूल आजही जाळत नाहीत, पुरतात. लिंगायत आणि महानुभाव पुरतात, गोसावी-संन्याशांना बसवून समाधी देतात, मुसलमान आणि ख्रिस्ती दफनच करतात, भिलांच्या अनेक गावांतही पुरण्याची चाल राहिली आहे. इनामगावचा बसलेला पुरुष आणि आजच्या समाधीतला साधू यांच्यात तीन हजार वर्षांचे अंतर आहे, तरी जमिनीत माणूस ठेवण्यामागची माया आपल्याला ओळखू येते. मला हा आक्षेप बरोबर वाटतो, फक्त तो चुकीच्या माणसाला उद्देशून केला जातो. पुरातत्त्वज्ञ आला नाही म्हणून मृताची झोप राखली जात नाही. कालवा, रस्ता, उड्डाणपूल यांची आखणी झाली की ती जागा खणली जाणारच असते. प्रश्न एवढाच उरतो की ते हाड ब्रशने मोकळे होईल की बकेटने. जिथे आखणी चार मीटर सरकवून थडगे तसेच ठेवता येते, तिथे ठेवावे, आणि पुरातत्त्वाची आजची शिस्तही हेच सांगते. सरकवता येत नसेल तर सावकाश, नोंदी करत, गावाच्या डोळ्यांदेखत काढण्याइतका मृताचा दुसरा मान नाही.

एक भेद मात्र ठामपणे करायला हवा. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला नावाने ओळखणारे वारस नाहीत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कब्रस्तानात किंवा समाधीस्थळी मात्र नातू-पणतू गावातच असतात. तिथे पुरातत्त्वज्ञाचा हक्क नंतरचा, घरच्यांच्या होकाराचा आधीचा. हे दोन्ही एकाच मापाने मोजले की वाद अटळ होतो. नागालँडमधून वसाहतकाळात नेलेले पूर्वजांचे अवशेष ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत आणि ते परत आणण्यासाठी नागा समाज २०२० पासून संघटितपणे प्रयत्न करत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील एका लिलावात नागा माणसाची कवटी विक्रीला निघाली, तेव्हा मोठा संताप झाला आणि ती मागे घ्यावी लागली. तो संताप शास्त्राविरुद्ध नव्हता. आपल्या माणसाबद्दल आपल्याला कुणी विचारलेच नाही, याविरुद्ध होता.

आता कायदा. रस्त्याचे काम चालू असताना सोन्याची मोहर सापडली, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे काही जमिनीत लपवलेले मिळाले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवलेच पाहिजे. कवटी सापडली तर? तिला बाजारभाव नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातील व्याख्येत नाणी, शिल्पे, शिलालेख, हस्तलिखिते यांचा उल्लेख आहे, मानवी सांगाड्याचा स्पष्ट उल्लेख नाही. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आली. पण पांढरीची बहुतेक टेकाडे संरक्षित यादीत नाहीतच. दफनभूमीत घुसून विटंबना करणे हा आधी भारतीय दंड संहितेच्या कलम २९७ नुसार गुन्हा होता, आता न्याय संहितेच्या कलम ३०१ नुसार आहे. त्यातही भावना दुखावण्याचा हेतू किंवा त्या दुखावतील याची जाणीव सिद्ध करावी लागते, आणि ठेकेदाराचा हेतू मुरूम काढण्याचा असतो. मग गावात जे घडायचे ते घडते. पोलीस पाटलाला निरोप जातो, पंचनामा होतो, खुनाचा संशय फिटला की हाडे कुठे जायची याला कोणी मालक नसतो, आणि तोपर्यंत मोबाइलवरचा फोटो तालुकाभर फिरलेला असतो.

मालक नसण्याचे चित्र किती लाजिरवाणे असू शकते, ते गुजरातेत वडनगरला दिसले. २०१९ साली पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अभिजित आंबेकर यांच्या चमूला तिथे सुमारे हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला. मांडी घातलेली, उजवा हात मांडीवर, डावा हात छातीच्या उंचीवर उचललेला, जणू काठीवर टेकवलेला. समाधीच मानावी अशी ती बैठक. तो मातीच्या ठोकळ्यासह जसाच्या तसा उचलण्याचे अवघड काम केले गेले आणि नंतर तो वर्षानुवर्षे वस्तीजवळ ताडपत्रीच्या आडोशाला पडून राहिला, कारण तो केंद्राने सांभाळायचा की राज्याने, हे ठरेना. २०२५ च्या मे महिन्यात अखेर तो तिथल्या संग्रहालयात हलवला गेला. उकरणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती. चूक होती ती उकरण्याआधी पुढची जागा न ठरवण्यात.

उलट बाजूही आहे: पुरातत्त्वज्ञ नसताना श्रद्धेने केलेले उत्खनन. पंजाबात अमृतसरजवळ अजनाला येथे १८५७ च्या बंडातील शिपायांना मारून एका विहिरीत टाकल्याची इंग्रजी नोंद होती. २०१४ मध्ये स्थानिक लोकांनी आणि गुरुद्वाऱ्याच्या समितीने ती विहीर स्वतःच खणली. हेतू उदात्त होता, त्या शिपायांना सन्मानाने निरोप द्यायचा होता. पण घाईत हाडे मोडली, एकमेकांत मिसळली, कोणती कवटी कोणत्या धडाची हे कळण्याची शक्यता संपली. पुढे दातांवरून जनुकीय आणि समस्थानिक अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये ही माणसे गंगेच्या खोऱ्यातली असल्याचा निष्कर्ष छापून आला. तेवढे दातांनी वाचवले. नीट खणले असते तर एकेका माणसापर्यंत पोचण्याची आशा तरी राहिली असती.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, कारण तो पोटाशी निगडित आहे. हाडांसाठी काम थांबले तर पाणी कधी येणार? केळीच्या पट्ट्यात विहिरी आणि कूपनलिका दरवर्षी खोल जातात. तिथल्या शेतकऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. न्यूयॉर्कचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. १९९१ मध्ये मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीच्या पायात अठराव्या शतकातील आफ्रिकी लोकांची दफनभूमी निघाली. आधी घाईने काम रेटले गेले, कृष्णवर्णीय समाज रस्त्यावर आला, प्रकरण अमेरिकी संसदेत पोचले आणि १९९२ मध्ये खोदकाम थांबवावे लागले. चारशेहून अधिक अवशेष हॉवर्ड विद्यापीठात अभ्यासले गेले आणि २००३ मध्ये समारंभपूर्वक पुन्हा पुरले. इमारत उभी राहिलीच, शेजारी स्मारकही झाले. तिथला उशीर आणि वाढीव खर्च हाडांनी केला नव्हता. जुन्या नकाशांवर दफनभूमी स्पष्ट दिसत असूनही अंदाजपत्रकात तिच्यासाठी दिवस आणि पैसा धरला नव्हता, त्याने केला. ब्रिटनने १९९० पासून बांधकामाच्या परवानगीतच हा खर्च विकासकावर टाकला. आपल्याकडे भूसंपादनात झाडे, विहीर, कौलारू घर यांचे वेगवेगळे मूल्यांकन होते. पांढरीसाठी त्यात एक रकाना जोडणे अशक्य नाही.

तिसरी शंका हाडांच्या राजकारणाची. सांगाडा सापडला की तो आर्य की अनार्य, आपला की परका, याची रस्सीखेच सुरू होते, म्हणून न सापडलेला बरा, असे काही शहाणे लोक म्हणतात. हरियाणातील राखीगढीत डेक्कन कॉलेजने उकललेल्या दफनांपैकी एका स्त्रीच्या हाडांतून जनुके वाचता आली आणि तो निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधी आणि नंतर त्या एका बाईच्या खांद्यावर साऱ्या भारताच्या उत्पत्तीचे ओझे टाकले गेले. तिच्याने ते पेलवणारे नव्हते. पण यावर उपाय अज्ञानाचा नाही. जिथे पुरावा सावकाश, उघडपणे आणि मर्यादा सांगत मांडला जातो तिथे तो माणसांना जोडतोही. गोव्यात संत ऑगस्टीनच्या भग्न चर्चमध्ये २००४ साली सापडलेल्या हाडाचे हैदराबादच्या प्रयोगशाळेत परीक्षण झाले आणि जॉर्जियाची राणी केतेवान हिचा तो अवशेष म्हणून २०२१ मध्ये भारताने त्याचा एक भाग सन्मानाने त्या देशाच्या हवाली केला.

तेव्हा हाडे कोणाच्या जबाबदारीची, हा प्रश्न खानदेशाला आजच सोडवावा लागणार आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी महाकाय पुनर्भरण योजनेचा करार झाला. खारिया गुटीघाटचा बंधारा आणि तिथून निघणारे कालवे सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात पाणी मुरवतील, आणि त्यात रावेर-यावल येतात. ही योजना व्हावी, लवकर व्हावी. पण कालव्याची रेघ जमिनीवर उतरण्याआधी ती पायी चालून पाहायला विद्यापीठाचे आठ-दहा विद्यार्थी आणि एक अनुभवी पुरातत्त्वज्ञ एवढे पुरतात. नांगराला कुठे खापरे लागतात, कुठल्या बांधाखाली राखाडी माती आहे, कुठे आजा सांगायचा की इथे जुने गाव होते, हे सावदा, चिनावल, फैजपूर, यावल इथला म्हातारा शेतकरी बांधावर बसून दाखवू शकतो. त्या जागा नकाशावर आल्या की ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवता येतील: हाडे निघाली तर काम किती दिवस थांबेल, उकलण्याचे काम कोण करील, आणि अभ्यास संपल्यावर ती माणसे संग्रहालयात राहतील की गावाच्या शिवेत पुन्हा मातीत जातील.