कुंचा
घर रंगवायचं ठरलं तेव्हा गांधी बझारमधल्या दुकानात मी 'कुंच' मागितला. मराठीत कुंचा, कन्नडमध्ये कुंच. भाषांतरकाराला असा शब्द म्हणजे सुट्टीचा दिवस. पण दुकानदाराने विचारलं, "कशाला? सुण्ण की पेंट?" सुण्ण म्हणजे चुना. तोही शब्द आपलाच भाऊ, दोघे 'चूर्णा'चे वंशज. माझ्याकडे उत्तर मात्र नव्हतं.

बसवनगुडीला चुना परका नाही. १८९८ मध्ये बंगळूरात प्लेग आला आणि पेठेतली दाटी सोडून लोक नव्या वसाहतींत गेले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी त्यांतल्याच. त्याआधी, १८९६ पासून, मुंबईत प्लेगच्या घरांना चुना फासला जात होता. तेव्हा तो शोभेसाठी नव्हता, रोग मारण्यासाठी होता.

चुन्याला केसांचा ब्रश चालत नाही. कळीच्या चुन्याचा दाहक क्षार केस खाऊन टाकतो. म्हणून कुंचा गवताचा किंवा झाडाच्या तंतूंचा. केंद्रीय बांधकाम खात्याच्या नियमावलीतही सफेदीसाठी मुंज गवताचाच कुंचा सांगितला आहे. डिस्टेंपरला मात्र तीच नियमावली केसांचा रुंद ब्रश मागते. तेलरंगालाही डुकराचा राठ केस उत्तम, कारण त्याचं टोक नैसर्गिकरीत्या फाटलेलं असतं आणि रंग धरून ठेवतं. या केसांच्या व्यापाराचं कानपूर हे मोठं केंद्र होतं. बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट आजही ब्रशांसाठी ओळखलं जातं. पुढे १९३८ मध्ये नायलॉनचे केस बाजारात आले, आधी दातांच्या ब्रशात. पाण्यात कालवलेल्या प्लास्टिक रंगात डुकराचा केस फुगून लुळा पडतो, कृत्रिम केस ताठ राहतो. भिंतीवर काय लावायचं ते ठरलं की ब्रश आपोआप ठरतो. उलट करायला गेलं की पैसे जातात.

आमच्या अज्जींच्या घराच्या भिंती जुन्या, चुन्याच्या गिलाव्याच्या. मागच्या खेपेला कोणीतरी त्यांवर प्लास्टिक रंग चढवला होता. चुन्यातून ओल बाहेर पडते. त्या कातडीखाली ती कोंडली आणि खिडकीखालचे पापुद्रे हातात येऊ लागले. रंगाऱ्याला पुन्हा तोच रंग हवा होता, काम दोन दिवसांत उरकतं. अज्जी म्हणाल्या, "खरवड, मग बघू." खरवडायलाच चार दिवस गेले.

मी परत दुकानात गेले. "सुण्ण," म्हटलं. त्याने तंतूंचा कुंचा रद्दीत गुंडाळला. "रात्रभर पाण्यात ठेवा, अम्मा. नाहीतर ओरखडे उठतील."