सपरी, माजघर आणि गॅलरी

फ्लॅट बघायला गेलो की आपण पहिला प्रश्न विचारतो, कार्पेट एरिया किती? पण घराचा इतिहास चौरस फुटांत सापडत नाही. तो सापडतो कोण कुठे बसायचं आणि कोणाला कुठे बसता यायचं नाही, यात.

आमचं मूळ घर भंडारा जिल्ह्यातल्या आसगावचं, पवनी तालुक्यात. पुढे सपरी (म्हणजे ओसरी हो!), मध्ये माजघर, मागे सांदवाडी. सपरी गावाला उघडी. धानाचा भाव, भांडणं, सोयरिकी, सगळं तिथेच. येणाऱ्याला फोन करून यावं लागत नसे, त्यामुळे पुरुषांचं दुःख चारचौघांत वाटलं जायचं. बायका मात्र माजघरात. माझ्या आत्याची शाळा सातवीनंतर बंद करायचं ठरलं ते सपरीत. आजी आणि ती दाराआडून ऐकत होत्या. रडायला जागा उरली ती सांदवाडीत.

हे फक्त आमच्याच घरात घडलं असं नाही. रमाबाई रानडे 1873 मध्ये, अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या. न्यायमूर्ती स्वतः शिकवायचे, पण दिवसभराचा वावर घरातल्या बायकांत, आणि शिकते म्हणून टोमणे तिथेच. 1910 च्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचताना जाणवतं, की एकाच घरात त्या दोन जगांत राहत होत्या. पुढे 1909 मध्ये उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनाच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. बायकांना शिकायला घराबाहेरची हक्काची जागा मिळाली. मला हा योगायोग वाटत नाही.

आता मुंबई. गावची ओसरी सोडून आलेल्या कामगारांना तिथे काय मिळालं? 1920 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींत खोली होती 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. पण खोल्यांसमोरून जाणारी वाट सगळ्यांची, आणि तीच नवी सपरी झाली. फरक एवढाच, की इथे बायकाही होत्या. घरातली धुसफूस दाराबाहेर यायची आणि निवायची. अर्थात एकांत शून्य! नवविवाहितांचे आणि अभ्यास करणाऱ्या पोरांचे हाल विचारू नका.

या चाळींचा पुनर्विकास होऊन ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचा संडास, बंद होणारं दार. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रांगा लावल्या त्यांना ‘चाळीतली मजा गेली’ असं आपण एसीत बसून सांगणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा आहे.

तरी एक गोष्ट खटकतेच. आत्याला दार लावून बसायला खोली नव्हती, आणि आज आपल्याला दार उघडं टाकून बसायला जागा नाही. माणसाला दोन्ही लागतं. पुढच्या वेळी फ्लॅटचा नकाशा बघाल तेव्हा बेडरूम मोजून झाल्या की बिल्डरला एवढंच विचारा, ‘शेजारी भेटतील कुठे?’