रूळ, गुलाम आणि मालकी हक्क

मालमत्ता पवित्र असते, सरकारला तिला हात लावता येत नाही, हा युक्तिवाद भूमिहीनांच्या प्रत्येक लढ्यासमोर उभा केला जातो. इतिहास शिकवताना मला मात्र आढळते ते असे, की हे पावित्र्य कोणाच्या गरजेपुढे वितळते आणि कोणाच्या गरजेपुढे ताठ उभे राहते हे तपासले की राज्यसंस्थेचे खरे रूप कळते. अमेरिकन यादवी युद्धातील रेल्वेच्या लोखंडाची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

१८६१ मध्ये दक्षिणेतील अकरा राज्ये फुटून निघाली ती गुलामांवरील मालकी टिकवण्यासाठी. त्यांच्याकडे रेल्वे होती सुमारे ९,००० मैल. उत्तरेकडे २२,००० मैलांच्या आसपास. दक्षिणेचे भांडवल कापूस, जमीन आणि माणसे यांत गुंतलेले. रूळ बाहेरून येत. नाकेबंदी पडली, देशातले लोखंड तोफांकडे आणि युद्धनौकांच्या चिलखताकडे वळले, नवे रूळ जवळजवळ बंदच झाले. 'आर्कान्सॉ' या नौकेला तर रेल्वेच्या रुळांचेच चिलखत होते. झिजलेल्या मुख्य मार्गांसाठी एकच वाट उरली : दुय्यम मार्ग उखडणे. जानेवारी १८६३ मध्ये कोणाचे लोखंड काढायचे हे ठरवायला आयोग नेमला गेला. मार्चमध्ये सक्तीने ताबा घेण्याचा कायदा झाला.

फ्लोरिडा रेल्वेचा अध्यक्ष डेव्हिड यूली हा माजी सिनेटर, ऊसमळ्याचा आणि गुलामांचा मालक. दक्षिणेच्या फुटीचा तो कैवारी. पण आपल्याच सरकारने रूळ मागताच तो कोर्टात गेला आणि १८६४ मध्ये त्याने मनाई हुकूम मिळवला. लष्कराने तो जुमानला नाही. ज्या फ्लोरिडा-जॉर्जिया जोडमार्गासाठी हे लोखंड हवे होते तो पुरा झाला मार्च १८६५ मध्ये. पुढच्याच महिन्यात जनरल ली शरण गेला. मालकी हक्काच्या रक्षणासाठी उभे राहिलेले राज्य मालकांचीच मालमत्ता उखडत होते!

पण हे रूळ उखडले, वाहिले, पुन्हा ठोकले कोणी? माझे वडील रेल्वेच्या गँगमध्ये खांद्यावर रूळ वाहत, त्यामुळे 'रूळ हलवण्यात आले' हे वाक्य मला वाचवत नाही. रूळ आपोआप हलत नाही. डॅनव्हिल ते ग्रीन्सबरो हा सुमारे ४८ मैलांचा मार्ग मे १८६४ मध्ये इतर मार्गांच्या लोखंडावर पुरा झाला, तो गुलामांच्या श्रमावर. १८६३ च्या त्याच कायद्यात सरकारी कामासाठी गुलाम सक्तीने घेण्याचीही तरतूद होती. रूळ आणि माणूस एकाच कायद्यात; मोबदला दोहोंच्या मालकाला. तरीही पोरे सैन्यात धाडणारे अनेक मळेवाले गुलाम देताना कुरकुरत होते.

आता दुसरे फेरवाटप पाहू. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शेर्मनने किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. सुमारे ४०,००० माणसे चार लाख एकरांवर वसली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत केली. लष्कराने ताब्यात घेतलेल्या रेल्वेही कंपन्यांना परत मिळाल्या. यूली तुरुंगातून सुटून आपल्या रेल्वेत परतला. युद्धासाठी लोखंड घेताना जे पावित्र्य आडवे आले नाही, ते गुलामांना जमीन देताना आडवे आले.

डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवून. त्या फटीतून काळे कैदी रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. १८८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात रेल्वेच्या बोगद्यावर नेले जाणारे बेड्या घातलेले १९ कैदी नदीत बुडून मेले.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या मुक्तीनंतर जमिनीचे काय झाले, हेही आपण वाचले पाहिजे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याची करावी, जातभेद न पाहता कसायला द्यावी आणि हे घटनेतच लिहावे असा आग्रह धरला होता. कायद्याने माणूस मोकळा झाला, पण पायाखालची जमीन मालकाचीच राहिली, तर त्याला पुन्हा जुंपायला वेळ लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून मालमत्तेचे पावित्र्य ऐकवणाऱ्याला आपण एवढेच विचारावे : कोणाच्या मालमत्तेचे, आणि कोणाच्या गरजेपुढे?