कुत्र्याची साखळी मुलांच्या हाती द्यावी का?

छत्रपती संभाजीनगर : घरात कुत्रा आणण्याचा हट्ट बहुधा मुलांचा असतो आणि त्याला फिरवून आणण्याचे काम काही दिवसांतच आईवडिलांच्या गळ्यात पडते. त्यामुळे मुलगा किंवा मुलगी आपणहून साखळी हाती घेऊन निघाली, तर पालकांना समाधानच वाटते. मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलाने सोबत मोठे माणूस नसताना कुत्र्याला रस्त्यावर न्यावे का, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीत तर मुळीच नाही.

क्रांती चौकातून रेल्वेस्थानकाकडे जाणारा वर्दळीचा रस्ता या भागातून जातो. संत एकनाथ रंगमंदिर, शासकीय तंत्रनिकेतन, गुरुद्वारा, पीर बाजार यांमुळे येथे दिवसभर राबता असतो. मुख्य रस्ता सोडून आत वळले की वसाहतींच्या तुलनेने शांत गल्ल्या लागतात. पालकांना त्या सुरक्षित वाटतात. परंतु शहरातील कोणत्याही गल्लीप्रमाणे त्यांनाही आधीपासूनच मालक असतात, ते म्हणजे भटकी कुत्री. एरवी माणसाकडे ढुंकूनही न पाहणारी ही टोळी साखळीला बांधलेला परका कुत्रा हद्दीत शिरताच अंगावर धावून येते. अशा वेळी मूल घाबरून एक तर पळते, नाही तर आपल्या छोट्या कुत्र्याला उचलून छातीशी धरते. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे, आणि उचललेल्या कुत्र्यासाठी मारलेली झेप मुलाच्या हातावर किंवा चेहऱ्यावर येते. प्रेमापोटी केलेली कृतीच येथे सर्वांत धोक्याची ठरते.

वजनाचा हिशेब

दहा वर्षांच्या मुलाचे वजन साधारण ३० किलोच्या आसपास असते. पूर्ण वाढलेला लॅब्राडोर २५ ते ३६ किलोंचा, तर नर जर्मन शेफर्ड ४० किलोंपर्यंत भरतो. कुत्र्याला चार पाय असतात आणि गुरुत्वमध्य जमिनीलगत असतो, म्हणून समान वजन असले तरी ओढाओढीत मूल हरते. मराठवाड्यात पूर्वापार पाळला जाणारा कारवानी कुत्रा वजनाने हलका. पण तो शिकारी जातीचा. मांजर दिसले की क्षणात वेग घेणार. साखळी मनगटाला गुंडाळण्याची सवय बहुतेक मुलांना असते. कुत्र्याने अचानक हिसका दिला की हात सोडवता येत नाही आणि मूल थेट रस्त्यावर फरफटत जाते. बोटे मुरगळणे वा मोडणे हेही अशा वेळी घडते.

कायदा काय सांगतो

कुत्रा फिरवणाऱ्याचे किमान वय किती असावे, हे प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात सांगितलेले नाही; प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मध्येही त्याचा उल्लेख नाही. म्हणून जबाबदारी नाही असे मात्र नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड विधानातील कलम २८९ मध्ये हा दंड एक हजार होता. सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयोगटात त्याची समज पाहिली जाते. साखळी मुलाच्या हातात असली, तरी बोट घरातील मोठ्यांकडेच वळणार हे उघड आहे.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने बंदी घातलेल्या जातींचा, सवलतीने पाळू दिलेला कुत्रा बाहेर नेताना तोंडाला जाळी हवी आणि साखळी धरणारा किमान १६ वर्षांचा हवा, अशी अट आहे. वयाने मोठा माणूस सोबत असला म्हणजे सारे झाले, असेही नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील मानखुर्द येथे रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलाला पिटबुल चावला, त्या वेळी कुत्र्याचा प्रौढ मालक जवळच होता आणि हसत होता. चित्रफीत सर्वत्र पसरल्यावर पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला.

लपवलेला चावा

खरी भीती मात्र पडण्याझडण्याची नाही, रेबीजची आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात त्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. एकट्या गेलेल्या मुलाबाबत आणखी एक अडचण असते. 'उद्यापासून कुत्रा न्यायचा नाही' असे ऐकावे लागेल या धास्तीने ते ओरखडा, दाताची लहानशी खूण घरी सांगतच नाही. कुत्रा घरी सुखरूप आला म्हणजे सगळे ठीक, असे पालक धरून चालतात. म्हणून फेरीहून आल्यावर मुलाचे हातपाय पाहावेत, आणि चाव्याची गोष्ट सांगितल्यास रागावणार नाही हे आधीच स्पष्ट करावे.

चावा असेल तर जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. लस त्याच दिवशी सुरू करावी. स्नायूत देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी मात्रा असतात. रक्त आलेल्या चाव्यात जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. घाटी रुग्णालय उस्मानपुऱ्यापासून फार दूर नाही. घरच्या कुत्र्याला भटक्या कुत्र्याने चावले असेल, तर त्याचे आधीचे लसीकरण झालेले असले तरी पशुवैद्यकाला त्याच दिवशी दाखवणे आवश्यक असते.

मग मुलांनी कुत्रा फिरवूच नये काय? तसे नाही. दहा वर्षांखालील मुलाच्या हाती एकट्याने साखळी देऊ नये, इतके निश्चित. त्यापुढे वयापेक्षा कुत्र्याकडे पाहावे : तो मुलाच्या हाकेला थांबतो का, दुसरा कुत्रा दिसल्यावर ओढतो का? काही आठवडे पालकाने मागे चालून हे पाहावे. एकाच पट्ट्याला दोन साखळ्या लावून एक मुलाकडे व एक स्वतःकडे ठेवली, तर मुलाला जबाबदारी मिळते आणि ताबाही सुटत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी, शिकवलेला आणि बेताच्या वजनाचा कुत्रा असल्यास, दिवसाउजेडी वसाहतीतल्या गल्लीपुरती परवानगी द्यायला हरकत नसावी. स्थानकाचा रस्ता ओलांडून मात्र नव्हे. मे महिन्यात येथील पारा चाळिशी ओलांडतो. डांबरावर कुत्र्याचे तळवे पोळतात आणि पोळलेला कुत्रा अनावर होतो, तेव्हा फेरी सकाळी सातच्या आत उरकलेली बरी. रस्त्यात भटकी कुत्री आडवी आली तर पळायचे नाही, डोळ्यांत डोळे घालून पाहायचे नाही, हळूहळू मागे सरायचे, आणि अगदीच अंगावर आली तर साखळी सोडून द्यायची, हे मुलाकडून घरी चार वेळा करवून घ्यावे.